सिपना राहिली

"वाचू?" हेमंत काळमेघांनी विचारलं.

"वाचा," मी म्हणाले आणि लाल पेनाचं टोपण काढलं.

शनिवारची दुपार होती, एप्रिल संपत आलेला. दैनिक 'पूर्णातीर'च्या अमरावती कचेरीत त्या वेळी शुकशुकाट असे. बातमीदार बाहेर, संपादक जेवायला घरी, छपाईयंत्र संध्याकाळपर्यंत गप्प. मुद्रितशोधनाच्या खोलीत आम्ही तिघंच होतो. काळमेघ संगणकासमोर. त्यांच्या शेजारी मी, मांडीवर दोन कागद घेऊन. आणि कूलरच्या अगदी तोंडाशी खुर्ची टाकून बसलेले आमचे ज्येष्ठ मुद्रितशोधक बोबडे काका. कूलरमधलं पाणी केव्हाच संपलं होतं, तो नुसता गरम वारा फेकत होता. पण काकांना जागा सोडायची नव्हती.

"ऍक्शन, बरोबरचं चिन्ह, अनइन्स्टॉल."

"आहे."

"पुढची ओळ. क्वाएट, बरोबरचं चिन्ह, ट्रू."

"आहे."

"काय मंत्र म्हणून राहिले बाप्पा तुम्ही?" काका डोळे मिटूनच म्हणाले. "मुंज आहे का कोणाची?"

"मुंज नाही काका, उत्तरकार्य आहे," काळमेघ म्हणाले.

काका हसले. मीही हसले. हसण्यासारखं काही नव्हतं.

आमचं दैनिक मुंबईच्या एका समूहानं विकत घेतलं होतं. सोमवारपासून त्यांची नवी यंत्रणा सुरू होणार होती. त्याआधी जुनी उतरवायची होती, आणि ती जुनी यंत्रणा म्हणजे काळमेघांची सहा वर्षं होती. नागपूरच्या एका कंपनीनं त्यांना आमच्याकडे नेमलं होतं. त्यांनी जुन्या बातम्यांचा संग्रह उभा केला. बुलडाण्याच्या बातमीदाराला तीन वर्षांपूर्वीची यवतमाळची बातमी हवी असेल, तर ती क्षणात मिळायची. आम्हाला मुद्रितशोधकांना तर तो संग्रह म्हणजे आधाराची काठी. अमुक गावचे सरपंच साबळे की सावळे, हे फोन न करता कळायचं. तो सगळा संग्रह ज्या डेटाबेस सॉफ्टवेअरवर उभा होता, ते जिल्हा कचेऱ्यांतल्या एकेका यंत्रावर बसवलेलं होतं. ते निघाल्याशिवाय नवं बसत नव्हतं. बातम्या आधीच मुंबईला पोचल्या होत्या. धान्य हलवून झालं होतं, कणगी तेवढी काढायची राहिली होती.

काळमेघांनी मला ते आदल्या दिवशी समजावून सांगितलं होतं. एकेका कचेरीत जाऊन हातानं काढायचं म्हटलं, तर ते सॉफ्टवेअर पावलोपावली प्रश्न विचारतं. हे काढू का? तेही काढू का? खरंच काढू का? त्याऐवजी एक फाईल करायची. त्यात सगळ्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून ठेवायची, खाली यंत्रांची नावं द्यायची आणि इथून एकदाच आज्ञा सोडायची. मग तिकडे पडद्यावर काहीही दिसत नाही. ना खिडकी उघडत, ना प्रश्न येत.

"याला सायलेंट म्हणतात," ते म्हणाले होते. "गुपचूप काढणं."

"आणि उत्तर चुकीचं लिहिलं असलं तर?"

"तर ते चुकीचंच करतं. तक्रार करत नाही."

म्हणून तर फाईल वाचून घ्यायची. ही आमची रीत होती, आणि ती आमच्याच खोलीत जन्मली होती. ते नवे असताना त्यांची एक फाईल चालेना. दोन दिवस डोकं फोडून ते आमच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तुम्ही लोक दुसऱ्यांच्या चुका शोधता ना? माझी एक शोधून द्या." बोबडे काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मला त्या भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं. मी आमच्या पद्धतीनं काम केलं. एकानं मोठ्यानं वाचायचं, चिन्हांसकट. दुसऱ्यानं प्रतीवर बोट ठेवून दर ओळीला 'आहे' म्हणायचं. जिथं 'आहे' म्हणता येत नाही, तिथं चूक. अर्ध्या तासात सापडली. तेव्हापासून काळमेघांची एकही फाईल माझ्या 'आहे'शिवाय चालली नाही. कचेरीत त्याची चेष्टा व्हायची. "तुमचं वाचन सुरू आहे का भजन?" असं कोणीतरी दारातून विचारून जायचं.

काका मला शिकवत आले होते: "अर्थ वाचू नको पोरी. अर्थ वाचला का चूक निसटते. फक्त अक्षर वाच." मी त्यात तरबेज होते. मृत्युलेख वाचताना माझे डोळे भरत नसत आणि विनोद वाचताना हसू येत नसे.

यंत्रांना नावं द्यायची वेळ आली तेव्हा काळमेघांनी आकडे टाळले. अकोल्याचं यंत्र सात आणि वाशिमचं आठ, असं म्हटलं की फोनवर घोळ होतो. त्यांनी नद्यांची नावं दिली. अकोला मोर्णा, वाशिम पैनगंगा, यवतमाळ बेंबळा. शेवटी माझ्या टेबलाशी आले.

"तुमच्या यंत्राला काय म्हणू?"

"सिपना," मी म्हणाले.

"ही कुठली?"

"मेळघाटातली. धारणीकडे माझं आजोळ आहे. भर उन्हाळ्यात सगळं रान वाळतं, पण तिच्या डोहांत पाणी असतं."

"बघायला पाहिजे एकदा."

"या ना कधी," मी म्हणाले. असं आपण म्हणतोच.

यादीत सिपना शेवटी आली, कारण आमची खोली कचेरीच्या शेवटच्या टोकाला होती. ते वाचताना शेवटचं नाव जरा थांबून घेत. मला वाटे, यादी संपली हे सांगायला थांबतात.

आता दुसरी गोष्ट सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते. लग्न होऊन, मोडून, आईकडे परत आले होते. त्याची कहाणी फार नाही. दीड वर्षाचा संसार आणि चार वर्षांचं कोर्ट. त्यानंतर जो येईल तो स्थळ घेऊन यायचा. एकदा बोबडे काकांनीही विषय काढला. त्यांच्या साडूच्या ओळखीत कुणी होतं. खोलीत चहा चालला होता. काळमेघ बशी हातात घेऊन खिडकीशी उभे होते. मी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "काका, या विषयावर मला परत कुणी काही विचारायचं नाही. तुम्ही नाही, दुसऱ्या कुणीही नाही. उत्तर ठरलेलं आहे."

आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. काळमेघ खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांनी चहा तसाच ठेवला, हे मला नंतर बशी उचलताना दिसलं.

ते उत्तर मी तेव्हा खरंच ठरवलं होतं. पुढं ते माझ्याही नकळत बदलत गेलं. कधी बदललं, ते सांगता येणार नाही. सकाळी कचेरीत पोचल्यावर दाराशी त्यांच्या चपला आहेत का, हे मी आधी बघू लागले. ते दौऱ्यावर असले की फोन वाजताच सगळ्यांच्या आधी मी उचलायचे. पण विचारायचं नाही, असं मीच सगळ्यांसमोर बजावलं होतं, आणि काळमेघ सांगितलेलं तंतोतंत पाळणारे गृहस्थ होते.

त्या शनिवारी त्यांचं आमच्याकडचं काम संपत होतं. हैदराबादला नोकरी मिळाली होती. संध्याकाळची गाडी होती, बॅग आमच्याच खोलीच्या कोपऱ्यात ठेवलेली. सकाळी व्यवस्थापक देशकर साहेब दारात उभे राहून सांगून गेले होते, "काळमेघ, एकही मशीन सुटता कामा नये हं. सुटलं तर मुंबईहून परत परवानगी काढावी लागेल, आठ दिवस जातील. तेवढे दिवस मी तुम्हाला हलू देणार नाही. तुमच्या हैदराबादवाल्यांना मीच फोन करून सांगीन, माणूस आमच्याकडे गहाण आहे म्हणून."

"चालेल साहेब," काळमेघ म्हणाले होते. "तेही थांबतील आठ दिवस."

मला ते जायला नको होते. आज हे वाक्य लिहिताना अडचण वाटत नाही. तेव्हा मी ते मनातल्या मनातही पूर्ण केलं नव्हतं. सकाळपासून मी एवढंच म्हणत होते, की काहीतरी व्हावं. वीज जावी. तिकडचा फोन लागू नये. आठ दिवस मिळाले, तर त्या आठ दिवसांत एखाद्या वेळी ते विचारतील, किंवा मीच काही बोलेन.

वीज गेली नाही.

"आता यादी," काळमेघ म्हणाले. मी वरचा कागद काढून खालचा घेतला. सॉफ्टवेअर बसवलं तेव्हाची यंत्रांची यादी होती ती. कडा पिवळ्या पडलेल्या, एका कोपऱ्यात चहाच्या कपाचं गोल.

"पूर्णा."

"आहे."

"पेढी."

"आहे."

"मोर्णा. पैनगंगा."

"एकेक घ्या."

"सॉरी. मोर्णा."

"आहे."

त्यांचा आवाज एका लयीत चालला होता. माझं बोट कागदावरून एकेक ओळ खाली येत होतं. पैनगंगा, आहे. बेंबळा, आहे. शहानूर, आहे. काकांची मान खांद्यावर पडली होती, त्यांना डुलकी लागली असावी.

"नळगंगा."

"आहे."

"संपली यादी," काळमेघ म्हणाले.

माझं बोट थांबलं. बोटाखाली अजून एक ओळ होती.

"नाही," मी म्हणाले. "सिपना राहिली."

"राहिली का?"

"हो. नळगंगेनंतर सिपना. ही बघा." मी कागद त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी कागदाकडे पाहिलं नाही. पडद्याकडेही नाही. माझ्याकडे पाहत होते. दोन्ही हात कळफलकावरून काढून त्यांनी मांडीवर ठेवले होते.

"घालू?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"सिपना. घालू यादीत?"

"घालायलाच पाहिजे ना. देशकर साहेबांनी काय सांगितलं सकाळी?"

"ते ऐकलं मी." क्षणभर थांबून ते परत म्हणाले, "मॅडम, घालू का?"

मला वाटलं, उकाड्यानं त्यांचं लक्ष लागत नाहीये. सहा वर्षांत त्यांच्या फाईलमध्ये सबंध ओळ सुटलेली मी पाहिली नव्हती, आणि सुटली ती नेमकी शेवटच्या दिवशी. मला त्यांची काळजी वाटली. त्यांच्या पाठीमागे लोकांनी म्हणू नये, की काळमेघांनी जाता जाता घोळ घातला. आणि खरं सांगायचं तर मला थोडा अभिमानही वाटला. शेवटची चूकही मीच धरली.

"घाला," मी म्हणाले. "नळगंगेच्या खाली."

त्यांनी हात कळफलकावर ठेवले. पाच अक्षरं, इंग्रजीतली. ती टंकायला त्यांना फार वेळ लागला.

"सिपना," त्यांनी वाचलं.

"आहे," मी म्हणाले आणि कागदावर लाल बरोबरची खूण केली.

मग त्यांनी आज्ञा सोडली. पडद्यावर एक बारीक रेघ लुकलुकत राहिली, बाकी काही नाही. मला वाटलं होतं निदान काहीतरी सरकेल, आकडे पळतील. कूलरचा आवाज तेवढा येत होता.

"झालं का?" मी विचारलं.

"चाललंय."

"कळणार कसं?"

"संपल्यावर कळतं."

आम्ही त्या लुकलुकणाऱ्या रेघेकडे बघत बसलो. कितीतरी बोलता आलं असतं. ते मध्येच म्हणाले, "आता असेल का पाणी?"

"कशात?"

"सिपनेच्या डोहात."

"असेल. मे संपेपर्यंत असतं."

"बघायची राहिलीच."

"परत याल तेव्हा बघा."

"हो," ते म्हणाले.

थोड्या वेळानं पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातलं संग्रहाचं छोटं चित्र, पाटीवर ठेवलेल्या दौतीचं, नाहीसं झालं. त्यांनीच काढलेलं चित्र होतं ते. जिथं होतं तिथं निळा रंग उरला. त्याच घडीला अकोल्यात, वाशिममध्ये, बुलडाण्यात ते असंच पुसलं गेलं असणार, आणि शनिवारच्या दुपारी तिथं कुणी बघायलाही नसणार.

"झालं," काळमेघ म्हणाले आणि उठले.

काका जागे झाले. "आटोपलं का रे बाप्पा? सगळं निघालं?"

"सगळं निघालं काका. एक राहत होतं, मॅडमनी धरलं."

"ते तर धरनच," काका म्हणाले. "आपल्या हाताखालची आहे."

काळमेघ काकांच्या पाया पडले. बॅग उचलली. दाराशी वळून मला म्हणाले, "तुमच्याकडून चूक सुटत नाही कधी."

"सुटायला नकोच ना," मी म्हणाले.

ते हसले. जिन्यावरून खाली जाताना त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू आला, मग तोही थांबला. मी दोन्ही कागद एकत्र टाचले आणि संध्याकाळच्या पानांची वाट बघत बसले.

पहिली चार-पाच वर्षं दिवाळीला त्यांचा संदेश यायचा. 'दीपावलीच्या शुभेच्छा, मॅडम. हेमंत काळमेघ.' मीही तेवढंच उत्तर धाडायचे. पुढं नंबर बदलले. काका निवृत्त झाल्यावर एकदा राजकमल चौकात भेटले, तेव्हा म्हणाले, "तुया वाचकाचं लग्न झालं म्हणे. तिकडचीच आहे पोरगी." मी म्हटलं, "चांगलं झालं." खरंच चांगलं झालं होतं. घरी येऊन मी आईला भात वाढला आणि स्वतःला वाढायची विसरले.

मी तिथंच राहिले. नव्या मालकांच्या काळात मुद्रितशोधनाचा विभाग बंद झाला. काळमेघांच्या फाईली वाचून वाचून मला त्यातलं बरंच कळू लागलं होतं. ते कुणाच्या तरी लक्षात आलं आणि मला संगणक विभागात घेतलं. कोर्स केले, परीक्षा दिल्या. यंत्रं दोन-तीनदा बदलली. नावं तेवढी कुणी बदलली नाहीत. नव्या पोरांना वाटतं, कुणा हौशी माणसानं ठेवली असतील.

गेल्या उन्हाळ्यात नव्या मालकांची ती यंत्रणाही जुनी झाली. सगळं उतरवायचं ठरलं, आणि या वेळी ते काम माझ्याकडे आलं. पुण्याच्या कंपनीतली ऋतुजा नावाची मुलगी फोनवरून मदत करत होती. मी यादी टंकायला घेतली, तशी ती म्हणाली, "मॅडम, नावं टाइप नका करू. प्रोग्रामच यादी काढून देतो. जिथं जिथं बसवलंय, ती सगळी यंत्रं आपोआप येतात त्यात."

"एखादं बंद असेल तर?"

"तरी येतं. मुख्य संगणकाकडे नोंद असते ना."

"हे आता असं झालंय की पूर्वीपासून?"

"पूर्वीपासूनच." आमच्याकडे काळमेघांच्या वेळी होतं, त्या जुन्या सॉफ्टवेअरचं नावही तिनं घेतलं. "त्यातही अशीच निघायची यादी. आमचे सर सांगतात ना, यादी कधी हातानं करायची नाही. हातानं केली की चुका होतात."

"मग त्या यादीतून एखादं नाव राहून जाऊ शकतं का?"

"राहत नाही मॅडम."

"गेलंच तर?"

"गेलंच तर मुद्दाम काढलेलं असणार," ती म्हणाली. "कुणीतरी ती ओळ निवडून खोडली तरच जाईल. आणि असं कोण कशाला करेल?"

मी पडद्यावरच्या अर्धवट टंकलेल्या यादीकडे बघत राहिले.

"मॅडम? आवाज येतोय का?"

"येतोय," मी म्हणाले. "पाठव यादी."

यादी आली. दुपार होती. एसीमुळे खोली थंड होती आणि आजूबाजूची पोरं कानाला यंत्रं लावून आपापल्या पडद्यात बुडाली होती. मी यादी छापून घेतली. मांडीवर ठेवली. पेन लाल नव्हतं, निळंच होतं. मग खालच्या आवाजात, ओठांपुरतं, वाचायला लागले. पूर्णा. पेढी. मोर्णा. दर नावाला मीच 'आहे' म्हणत गेले. पैनगंगा, आहे. बेंबळा, आहे. शहानूर, आहे. नळगंगा, आहे.

शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि जरा थांबले, तसे ते थांबायचे.

"सिपना," मी वाचलं.

आणि कुणी 'आहे' म्हणेल का, याची वाट बघत राहिले.